माघार घेणाऱ्याला गुण कसे द्यावेत? (रामशेजचा डाव)

सातपूरकर
नाशिकच्या आमच्या गटासाठी रामशेज किल्ल्याच्या वेढ्यावर (१६८२) षटकोनी घरांच्या नकाशाचा डाव बांधतोय. प्रसंग काल्पनिक आहे: मराठ्यांची ६ पथकं पायथ्याची टेकडी धरून ठेवतात, तेवढ्यात मागून गडावर धान्य चढतं. समोर मोगलांची १०. प्रत्येक सोंगटीला दोन बाजू, पूर्ण आणि निम्मी. फेऱ्या ८. शेवटी टेकडी ज्याच्याकडे त्याला १५ गुण, मारलेल्या पथकाचा १. मराठा खेळाडू शेवटची सोंगटी उडेपर्यंत टेकडी सोडतच नाही. धान्य पोचल्यावर तिथे मरण्यात काय अर्थ? माघार फायद्याची कशी करू?

मखमलाबाद
सहाही पथकं कापली गेली तरी ६ गुण जातात आणि टेकडी १५ ची आहे. तुमचे गुणच त्याला मरायला सांगतायत, खेळाडू बरोबर खेळतोय.

शेवटचे १५ काढा. पहिल्या ५ फेऱ्यांत, टेकडी हाती असेल त्या प्रत्येक फेरीअखेर २ गुण, म्हणजे धान्याची एक खेप वर गेली. सहाव्या फेरीपासून टेकडीला शून्य. पथक मारलं तर मोगलांना ३. आपल्या कडेने नकाशाबाहेर पडलेलं पूर्ण पथक मराठ्यांना ३, निम्मं १.

उंटवाडी
दिशा बरोबर आहे, पण एवढ्यावर सोडलंत तर हुशार खेळाडू पहिल्याच फेरीत सहाही पथकं घेऊन निघेल आणि बसल्या जागी १८ गुण कमावेल. म्हणून वर मर्यादा हवी: बाहेर पडण्याचे गुण टेकडीच्या गुणांपेक्षा जास्त मोजायचे नाहीत. मराठे मोगलांपेक्षा १३ किंवा जास्त गुणांनी पुढे असले तरच मराठे जिंकले.

हिशेब करून बघा. तीन फेऱ्या धरून सगळे सुखरूप निघाले तर ६ + ६ = १२, एक गुण कमी पडतो. पाच फेऱ्या धरल्या, दोन पथकं गेली, तीन पूर्ण आणि एक निम्मं बाहेर पडलं तर १० + १० – ६ = १४. जिंकला. तिसरं पथक गमावलं आणि उरलेली तीन पूर्ण निघाली तर १० + ९ – ९ = १०, हरला. कधी निघायचं, हा खरा प्रश्न आता पटावर येतो.

फासे_आणि_नकाशे
गुण बदलले तरी हालचालीचे नियम माघार मारून टाकतात. बहुतेक वेळा घोळ इथेच होतो. शत्रूशेजारच्या षटकोनातून हलताच येत नाही असा झेडओसीचा (झोन ऑफ कंट्रोल, म्हणजे सोंगटीचा शेजारच्या षटकोनांवरचा ताबा) नियम असेल तर कोणी सुटणारच नाही. फासा टाकू द्या: १-२ आला तर सोंगटी एक पायरी खाली (पूर्ण असेल तर निम्मी, निम्मी असेल तर बाद) आणि जागीच अडकली; ३ ते ६ आला तर दोन षटकोन मागे. शेजारी न हलणारं आपलं पथक असेल तर फाशाला +१. धोका तीनात एक होता, तो सहात एक होतो, आणि खेळाडू आपोआप काही पथकं उभी ठेवून बाकीची काढायला शिकतो.

अंतर मोजा. पायदळ फेरीत २ षटकोन चालत असेल तर टेकडीपासून कडेपर्यंत मध्ये ५ पेक्षा जास्त षटकोन नकोत, नाहीतर सहाव्या फेरीत निघालेलं पथक आठव्यात बाहेर पडत नाही. त्याहून मागे राहणारं पथक घोडदळाचंच हवं. बाहेर पडायला किमान दोन षटकोन ठेवा. एकच असेल तर एका षटकोनात एकच सोंगटी या मर्यादेमुळे रांग तुंबते.

मोगलांना पाठलागाची ओढ हवी, नाहीतर ते टेकडीवर बसून राहतील. मागे हटलेल्याच्या रिकाम्या जागेत लगेच शिरायची मुभा द्या.

मखमलाबाद
एक भर. पावनखिंडीत (१६६०) बाजीप्रभूंनी खिंड धरली म्हणून महाराज विशाळगडाला पोचले. तशा पिछाडीच्या पथकाचे ३ गुण शत्रूला देणं अन्यायाचं आहे. डावाआधी एका पथकाचं नाव चिठ्ठीवर लिहून उलटी ठेवायची. ते सहाव्या फेरीपासून पुढे मारलं गेलं तर मोगलांना शून्य. त्याआधी गेलं तर नेहमीचे ३.

सातपूरकर
चिठ्ठी घेतो. सलग डाव जोडले तर वाचलेली पथकं पुढे न्यावीत का?

उंटवाडी
न्या. निम्म्या पथकासाठी फासा टाका, ४ किंवा वर पडल्यास ते पूर्ण. मात्र दर डावाआधी दोघांनाही एकेक ताजं पथक द्या, नाहीतर पहिला डाव हरलेला पुढे उभाच राहू शकत नाही.