विषय: एच-वन-बीवर (अमेरिकेचा कामाचा व्हिसा) नोकरी गेली तर – आधी तारखा, मग रेझ्युमे

नमस्कार मंडळी,
'नोकरी गेल्यावर अमेरिकेत राहून नवी शोधायला साठ दिवस मिळतात' असं सगळे सांगतात, पण ते कधीपासून मोजायचे यावरच दोन मतं ऐकू येतात. पहिल्या आठवड्यात काय करावं, कोणी नीट लिहाल का?

---

दादा,
मोजणी सुरू होते नोकरीच्या शेवटच्या दिवसानंतर, आणि साधारणपणे ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळतो तो शेवटचा दिवस धरतात. सेव्हरन्सचे (काढताना कंपनी देते ती भरपाई) पैसे नंतर महिनोन्‌महिने येत राहिले तरी मुदत वाढत नाही. आय-९४ (अमेरिकेत कुठवर राहता येतं त्याची नोंद) त्याआधी संपत असेल तर मुदतही तिथेच संपते. राहण्याची मुदतवाढ अमेरिकेत असतानाच मिळाली असेल तर चालू आय-९४ हा आय-७९७च्या (अर्जाच्या मंजुरीची नोटीस) तळाशी छापलेला असतो; सीबीपीच्या (सीमेवर तपासणी करणारं खातं) साइटवर जुनीच तारीख दिसू शकते आणि तिथेच लोक फसतात.

दुसरी गफलत म्हणजे साठाव्या दिवसापर्यंत ऑफर मिळाली की झालं, हा समज. तोवर नव्या कंपनीचा अर्ज यूएससीआयएसकडे (इमिग्रेशन खातं) पोचलेला लागतो. त्याआधी एलसीए (पगार आणि कामाच्या अटींबद्दल कंपनीचा कामगार खात्याकडचा अर्ज) मंजूर व्हायला कामाचे सात दिवस धरा, वर वकिलाची तयारी. म्हणून ऑफर चाळिसाव्या दिवसाच्या आसपास हातात हवी. पन्नासाव्या दिवशीही काही ठरलं नसेल तर आय-५३९ फॉर्म भरून स्टेटस (व्हिसाचा प्रकार) बदलण्याबद्दल वकिलाशी बोला, शेवटच्या दिवसाची वाट बघू नका.

पे-रोलचं पोर्टल बंद व्हायच्या आत पे-स्लिपा, डब्ल्यू-२ (वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कागद), सगळे आय-७९७ आणि आय-१४०चा (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) पावती क्रमांक स्वतःच्या ईमेलवर घ्या. फक्त आपले कागद. कंपनीची एकही फाइल नको, त्यावरून सेव्हरन्स अडकू शकतो.

---

ताईंनी लिहिलंय त्यात विम्याची भर घालतो. कोब्रा (कंपनीचाच आरोग्य विमा नोकरीनंतर चालू ठेवण्याची सोय) निवडायला ६० दिवस असतात आणि निवडलं की विमा मागच्या तारखेपासून लागू होतो, पण मधल्या महिन्यांचा हप्ताही भरावा लागतो. हप्ता पूर्ण खर्चाच्या १०२ टक्क्यांपर्यंत, म्हणजे कंपनी भरत होती तो वाटाही आपल्याच डोक्यावर. मार्केटप्लेसलाही (सरकारी योजनेतून स्वतःचा आरोग्य विमा घेणं) ६० दिवसच, मात्र तिथला विमा मागच्या तारखेपासून मिळत नाही. घरात कोणाचे उपचार चालू असतील तर हा फरक फार मोठा आहे. एफएसएमधले (औषधोपचारासाठी पगारातून करमुक्त बाजूला काढलेले) पैसे सहसा नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंतच्या खर्चालाच चालतात. चष्मा, दातांचं काम त्याआधी उरकून घ्या.

---

अर्जांसाठी एकच एक्सेल शीट ठेवा: कंपनी, जॉब आयडी, तारीख, रेझ्युमेची कुठली प्रत पाठवली, कोणाशी बोललो, पुन्हा कधी विचारायचं. अर्ज करतानाच जाहिरातीची पीडीएफ काढून ठेवा. फोन येतो तीन आठवड्यांनी, तोवर जाहिरात साइटवरून गेलेली असते आणि काय मागितलं होतं तेच आठवत नाही.

रेझ्युमे दोन कॉलमांत किंवा टेबलात बसवलेला असेल तर त्यातला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. एका कंपनीचं नाव दुसरीच्या तारखांना चिकटलेलं दिसलं, तर भरतीचं सॉफ्टवेअरही तसंच वाचण्याची शक्यता आहे. साधा एक कॉलम करून पुन्हा तपासा.