शब्दचर्चा: 'मंद प्रकाशस्रोत' आणि 'एकल फोटॉन स्रोत' एकच का?

प्रश्न: क्वांटम पद्धतीने गुप्त किल्ली (संदेश कुलूपबंद करायचा सांकेतिक क्रमांक) पाठवण्यावरचा एक अनुवादित लेख तपासतोय. मुळात प्रकाशस्रोतांना दोन वेगळी नावं आहेत, अनुवादकाने दोन्हीकडे 'मंद प्रकाशस्रोत' लिहिलंय. मथळ्यात 'पुंज प्रकाशस्रोत' आहे. चालेल का? 'एकल' मला जरा पुस्तकी वाटतो.

प्रतिसाद: दोन्हीकडे 'मंद' नको, अर्थच बदलतो. लेसर कितीही मंद केला तरी एका स्पंदात (प्रकाशाच्या एका झटक्यात) किती फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, निघतील याचा नेम नसतो. सरासरी स्पंदामागे ०.१ फोटॉन ठेवली, तर शंभरातले सुमारे ९० स्पंद रिकामे जातात, नवांत एकेक फोटॉन असतो आणि दोनशेतल्या एखाद्या स्पंदात दोन किंवा जास्त. रिकामे वगळले तर उरलेल्यांत असे जवळपास ५ टक्के भरतात. चोरून ऐकणाऱ्याला तेच हवे असतात. त्यातला एक फोटॉन तो ठेवून घेतो, दुसरा पुढे सोडतो. पाठवणारा आणि घेणारा नंतर मोजमापाची दिशा उघड करतात, तेव्हा तो स्वतःकडचा मोजतो, आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

'एकल'वाला स्रोत जातीनेच वेगळा. क्वांटम डॉट (अर्धवाहकाचा अतिसूक्ष्म कण) घ्या किंवा हिऱ्यातला नायट्रोजन-पोकळीचा दोष: एक फोटॉन सुटला की पुन्हा उत्तेजित झाल्याशिवाय दुसरा सुटत नाही. पडताळाही सरळ आहे. प्रकाश अर्धपारदर्शक आरशावर सोडायचा, दोन्ही वाटांवर शोधक ठेवायचे. खरा एकल स्रोत असेल तर दोन्ही शोधक एकदम वाजत नाहीत. मंद लेसरमध्ये अधूनमधून वाजतात.

प्रतिसाद: 'पुंज' मथळ्यातून काढाच. पुंजयामिकीत (क्वांटम मेकॅनिक्समध्ये) तो रुळलाय, पण 'प्रकाशपुंज' म्हटलं की वाचकाला झोत दिसतो. एकेक फोटॉन मोजणाऱ्या विषयाला ढीग सुचवणारा शब्द! सरळ 'क्वांटम' लिहा.

प्रश्नकर्ता: मग मंद लेसर इतका असुरक्षित असेल तर लेखात त्याचं कौतुक का?

प्रतिसाद: कारण तो स्वस्त, सुटसुटीत आणि एका युक्तीने भरवशाचा होतो. बेनेट आणि ब्रासार या संशोधकांच्या किल्ली पाठवण्याच्या १९८४ च्या पद्धतीत एकेकटे फोटॉन गृहीत होते. २००३ मध्ये ह्वांग या संशोधकाने सुचवलं की मधूनमधून वेगळ्या तीव्रतेचे स्पंद मिसळावेत. हेराला स्पंद पाहून कोणता कुठला ते कळत नाही, आणि त्याने दोन-दोन फोटॉनच्या स्पंदांवर हात मारला की दोन्ही प्रकारांच्या पोहोचण्याचं प्रमाण बिघडतं. चीनने २०१६ मध्ये सोडलेल्या मिशियस उपग्रहावरूनही किल्ली अशीच पाठवली. या स्पंदांना 'आमिष' म्हणतात ते मला पटत नाही, इथे कुणी गळाला लागत नाही. 'हुलीचे स्पंद' म्हणा.

प्रतिसाद: 'हूल' झकास. स्फटिकात एका फोटॉनचे दोन होतात आणि एक सापडला की दुसरा निघाल्याचं कळतं, त्या प्रकाराला मी 'वर्दीचा फोटॉन' लिहितो. मात्र त्याला बिनशर्त एकल म्हणू नका, कधीकधी दोन जोड्या एकदम निघतात.

प्रश्नकर्ता: ठरलं. 'मंद लेसर' आणि 'एकल फोटॉन स्रोत'.

प्रतिसाद: 'एकल-फोटॉन' जोडरेघ देऊन लिहा. नाहीतर 'फोटॉनचा एकुलता स्रोत' असाही अर्थ निघतो.