मागच्या ब्रेकचा पिस्टन आत जात नाही, पॅड बदलताना मदत हवी आहे

नवशिका:
नमस्कार. मागच्या चाकांचे ब्रेक पॅड पहिल्यांदाच घरी बदलतो आहे. गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह, मागे डिस्क, हँडब्रेक साधा, हाताने ओढायचा केबलवाला. डावं चाक काढलं आहे, गाडी स्टँडवर आहे, कॅलिपर (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग) उचलून तारेने वर टांगला आहे. आतल्या पॅडवर जेमतेम २ मिमी लायनिंग (झिजणारा थर) उरलं आहे, बाहेरच्यावर मात्र ५ मिमी.

अडचण अशी की पिस्टन जी-क्लॅम्पने दाबला तरी तसूभर हलत नाही. पुढच्या ब्रेकच्या व्हिडिओंत तो सहज आत जातो. या पिस्टनच्या तोंडावर अधिकच्या चिन्हासारखी खाच आहे. आणखी जोर लावू का? की ब्लीडिंगचा निपल (ब्रेकमधली हवा काढायचा) उघडून दाबू? आणि दोन पॅडची झीज इतकी वेगळी कशी?

चाकधर:
क्लॅम्प आधी काढा. जोर अजिबात लावू नका.

ती अधिकच्या चिन्हाची खाच म्हणजे हा पिस्टन पिळून आत न्यायचा आहे, दाबून नाही. तुमच्या गाडीत हँडब्रेक याच कॅलिपरमधून काम करतो. पिस्टनच्या पोटात आटे असलेला एक दांडा असतो. पॅड झिजेल तसा पिस्टन त्या आट्यांवरून पुढे सरकत जातो, म्हणून तर हँडब्रेकचं अंतर आपोआप जुळत राहतं. क्लॅम्पने तुम्ही थेट त्या आट्यांवर दाब देताय. क्लॅम्प आणखी आवळलात तर आतली यंत्रणा मोडेल, आणि मग पॅडऐवजी अख्खा कॅलिपर बदलावा लागेल.

त्यासाठी कॅलिपर वाइंड-बॅक टूल मिळतं. त्याच्या चकतीवरच्या खुंट्या पिस्टनच्या खाचेत बसवायच्या, हलका दाब ठेवायचा आणि फिरवायचं. बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आत जातो, पण काहींत एका बाजूचे आटे उलटे असतात. म्हणून पाव-अर्धा फेरा फिरवून बघा. पिस्टन बाहेर येतोय असं दिसलं तर दिशा बदला.

फिरवताना नजर पिस्टनभोवतीच्या रबरी बुटावर ठेवा. पिस्टनबरोबर बूटही पिळवटायला लागला तर थांबा, त्याच्या ओठाशी सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, बूट सुटा झाला की पुढे चला. बूट फाटला तर पाणी आणि माती थेट पिस्टनवर जाते आणि काही महिन्यांत तो गंजून अडकतो.

गॅरेजकट्टा:
चाकधर यांच्याशी सहमत. त्याआधी दोन गोष्टी बघा.

हँडब्रेक पूर्ण खाली आहे ना? ओढलेला असेल तर पिस्टन पिळूनही जात नाही. कॅलिपरच्या मागे केबल जिथे अडकते तिथला छोटा लिव्हर हाताने हलवून बघा. तो सुटल्यावर मागे येऊन आपल्या थांब्याला टेकला पाहिजे. हँडब्रेक खाली म्हणजे गाडीला धरून ठेवणारं काही राहिलं नाही, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे हवेत आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये हवी. रिअर व्हील ड्राइव्ह गाडीत गिअरवर विसंबता येत नाही, तिथे सगळी मदार ठोकळ्यांवर.

दुसरं, बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डब्याची पातळी बघा. पिस्टन आत गेला की तेवढं ऑइल डब्यात परत चढतं. पातळी कमाल खुणेपाशी असेल तर स्वच्छ सिरिंजने थोडं काढून घ्या. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, ते रंग खातं.

निपल उघडू नका. वापरलेलं ऑइल उलट एबीएसकडे (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेकडे) ढकललं जाऊ नये म्हणून काही जण तो उघडतात, कारण रास्त आहे. पण पहिल्या खेपेला सिस्टिममध्ये हवा जाण्याचा धोका त्याहून मोठा, आणि गंजलेला निपल पिळताना तुटतो ते वेगळंच.

ज्यांच्या गाडीत बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक आहे त्यांनी इथला पिळण्याचा सल्ला वापरू नये. तिथे गाडी आधी सर्व्हिस मोडमध्ये घालून मोटर मागे घ्यावी लागते.

चाकधर:
झिजेच्या फरकाबद्दल. ३ मिमी फरक किरकोळ नाही. नुसते पॅड घालून चाक बसवलंत तर नवे पॅडही असेच झिजतील.

पिस्टन आतला पॅड दाबतो, आणि त्याच्या प्रतिक्रियेने कॅलिपर गाइड पिनवर सरकून बाहेरचा पॅड ओढतो. पिन सुकल्या किंवा गंजल्या की कॅलिपर सरकत नाही आणि बहुतेक काम एकट्या आतल्या पॅडवर पडतं. म्हणून दोन्ही पिन ओढून काढा. निरोगी पिन दोन बोटांनी आत-बाहेर होते, बाहेर काढताना हलका 'पक्' आवाज येतो. तुमच्या पिनवर तपकिरी चिकट थर किंवा गंजाचे ठिपके दिसतील असा माझा अंदाज आहे. जुनं ग्रीस पूर्ण पुसा, भोकही साफ करा, आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस पातळ लावा. भोक ठासून भरलंत तर आत कोंडलेली हवा पिनला बाहेर ढकलत राहते. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस इथे नको, त्याने रबर फुगतं. बऱ्याच कॅलिपरमध्ये एका पिनच्या टोकाला रबरी बाही असते. ती वरची की खालची ते काढतानाच लिहून ठेवा, अदलाबदल करू नका.

पिन ठीक निघाल्या तर संशय पिस्टनवर. टूलनेही तो जड, अडखळत फिरत असेल किंवा बुटाखाली ओल दिसत असेल तर कॅलिपर दुरुस्तीला काढावाच लागेल.

नवशिका:
दोघांचेही आभार. टूल आणलं, पिस्टन आत गेला, उजवीकडे वळवूनच. खालची पिन खरंच गंजली होती, पॉलिश पेपरने साफ होते आहे. आता नवे पॅड ब्रॅकेटमध्ये (पॅड धरणाऱ्या चौकटीत) फार घट्ट जाताहेत. हातोडीने ठोकू का? आणि एका पॅडच्या पाठीवर छोटा उंचवटा आहे, दुसऱ्यावर नाही.

गॅरेजकट्टा:
पॉलिश पेपरने नुसती चमक आली असेल तर ठीक. नखाला खड्डे लागत असतील तर पिन बदला, ती पुन्हा अडकणार.

हातोडी नको. ब्रॅकेटवरच्या स्टीलच्या क्लिपा काढा, त्यांच्याखाली गंजाची पापडी साठलेली असते आणि ती क्लिपला वर उचलते. तारेच्या ब्रशने किंवा कानशीने धातू उघडा पडेपर्यंत घासा, मग नव्या क्लिपा बसवा. पॅड बोटांनी सरकला पाहिजे, पण खडखडता कामा नये. पॅडच्या कानाला (दोन्ही टोकांना) जिथे क्लिप लागते तिथेच ग्रीसचं बोट फिरवा. लायनिंगवर किंवा डिस्कवर थेंबही नको. धूळ फुंकू नका, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा.

उंचवट्याचा पॅड आतला. तो उंचवटा पिस्टनच्या खाचेत बसतो, त्यामुळे खाच टूलने फिरवून त्याच्या समोर आणा. न जुळता बोल्ट आवळलात तर पॅड तिरका बसतो, डिस्कला घासत राहतो आणि तिरकाच झिजतो.

डिस्कच्या कडेला किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते, ती मोजून पाहा. त्याहून कमी भरली तर नव्या पॅडचा उपयोग नाही. आणि उजवं चाकही करायचं आहे. पॅड चारही एकदम बदलतात.

चाकधर:
बोल्ट आवळताना: गाइड पिनचे बोल्ट बऱ्याच गाड्यांत २५ ते ३५ न्यूटन-मीटरचे, चाकाचे नट ९० ते १२० च्या आसपास. नेमका आकडा तुमच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्या. पिनचा बोल्ट फिरवताना पिन सोबत फिरते, ती दुसऱ्या पातळ पान्याने धरा.

नवशिका:
दोन्ही बाजू झाल्या. पण पहिल्यांदा दाबल्यावर पेडल तळाला गेलं. आणि हँडब्रेक नेहमीपेक्षा चार खटके जास्त वर येतो. केबल आवळू?

चाकधर:
पेडल जाणारच, पिस्टन आत असल्याने पॅड आणि डिस्कमध्ये फट आहे. इंजिन बंद ठेवून अर्धं-अर्धं पेडल मारा, तळापर्यंत नेऊ नका. जुन्या मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या भागाचं) सील सहसा जिथे जात नाही तिथे गेलं तर खरवडतं. पेडल कडक होईपर्यंत गाडी जागची हलवायची नाही.

केबलला हात लावू नका. हँडब्रेक खाली ठेवून पेडल आणखी वीस-तीस वेळा दाबा, आतली यंत्रणा अंतर भरून काढते, खटके कमी होतील. आत्ता केबल आवळलीत तर कॅलिपरचा लिव्हर थांब्याला टेकणार नाही आणि ते आपोआप जुळणंच बंद पडेल.

मग ऑइलची पातळी बघा आणि चाक हाताने फिरवा. हलकं घासणं चालेल, अडणं नाही. मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगावरून १० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग उतरवा, मध्ये अर्धा-एक मिनिट गाडी चालती ठेवून डिस्क गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहू नका, पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि पुढे पेडलला थरथर येते.

घरी आल्यावर मागच्या दोन्ही रिमजवळ हात न्या. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट गरम लागली तर त्या बाजूचा ब्रेक सुटत नाही. डावीकडची ती खालची पिन सगळ्यात आधी उघडा.