मदत हवी आहे: विंचने ग्लायडर उडवताना पंखावर किती भार येतो?

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातला, ट्रक-ट्रॅक्टरच्या इंजिनांचं काम करतो. माझ्या भाच्याला आणि त्याच्या मित्रांना एक जुना लाकडी, दोन सीटचा ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) मिळालाय. बरीच वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये पडून होता. कपाशीची उलंगवाडी झाली की गावाबाहेरच्या लांब पडीक वावरात विंचने, म्हणजे जमिनीवरच्या इंजिनाने केबल ड्रमवर गुंडाळत ओढून, तो उडवायचा पोरांचा बेत आहे, आणि विंच मामानं बांधून द्यायचा. ड्रम, क्लच, ऐनवेळी केबल तोडायची सोय, हे सगळं मला जमेल. माझा जीव अडकलाय तो पंखात.

विचारपूस करून एवढं कळलं की साध्या उड्डाणात पंख ग्लायडरचं वजन तेवढं पेलतो, पण विंचवर चढताना केबलची खाली खेचणारी ओढही त्यालाच पेलावी लागते. ग्लायडर ५०० किलोचा आणि ओढही तेवढीच धरली, तर पंखावर दुप्पट भार. आत बसलेल्याला मात्र यातलं काही जाणवत नाही, कारण वरची उचल आणि खालची ओढ एकमेकींना तोलून धरतात. अंगावर वजनाच्या किती पट भार येतोय ते दाखवणाऱ्या जी-मीटरचा काटाही जवळपास १ वरच राहतो. स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्याखाली पंखाची उचल कोसळते तो, १.४ पट होतो, म्हणजे ताशी ६५ किलोमीटरचा ९२. आणि आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी वावटळी कशा उठतात ते सांगायला नको.

केबलला लावायची वीक लिंक (ठरावीक ओढीला मुद्दाम तुटणारी पट्टी) वारंवार तुटेल म्हणून पोरं तिथे जाड बोल्ट टाकायचा म्हणतात. मी साफ नाही म्हटलंय. पण त्यांना पटेल असं कुणी नीट समजावून सांगाल का? जुन्या लाकडाची परीक्षा कशी करायची तेही हवंय.

प्रतिसाद:

दादा, नाही म्हटलंत ते योग्यच केलंत. बोल्ट टाकला की ओढीला मर्यादाच उरत नाही, मग आधी हुक निघतो की पंखाचा स्पार (आतली मुख्य तुळई) मोडतो, एवढंच बघायचं राहतं. वीक लिंकच्या पट्ट्या रंगावरून ओळखतात: काळी साधारण १००० किलोच्या ओढीला तुटते, निळी ६०० च्या, पिवळी ४०० च्या. कुठली लावायची हे त्या मॉडेलचं मॅन्युअल ठरवतं, आपण नाही. पट्टी वाकली, भोक ओढल्यासारखं दिसलं की लगेच बदला. मात्र एकट्या वीक लिंकवर विसंबू नका. वाऱ्याचा झोत पंखावर थेट भार टाकतो, म्हणूनच विंचवरची कमाल वेगमर्यादा कॉकपिटमध्ये लिहिलेली असते. तो वेग ओलांडला की नाक खाली घेऊन केबल सोडायची. वेग कमी करायला नाक वर-खाली करायची काठी मागे ओढाल तर भार आणखी वाढेल.

लाकडाचं म्हणाल तर खरी काळजी सरसाची आहे. जुन्या ग्लायडरांत केसीन सरस असे, दुधापासून केलेला. ओल लागली की त्याला बुरशी धरते आणि सांधा आतून सुटतो, वरून रंग मात्र शाबूत दिसतो. तुमच्या पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी अन् पावसाळ्यात दमट हवा, म्हणजे दोन्हीकडून मार. स्पारजवळ प्लायवूड बोटाने ठोकून ऐका. पोकळ आवाज आला किंवा कुबट वास आला तर तिथेच थांबा. आवाज चांगला आला म्हणून मात्र सांधा चांगला आहे असं धरू नका, आतून उघडून पाहावंच लागतं. ते काम परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याचं. ग्लायडरलाही डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) नोंदणी आणि उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र लागतं, ते हातात येईपर्यंत विंचला हात लावू नका. पोरांना त्याआधी पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर न्या, तिथल्या लोकांशी बोलू द्या.