बेटावर निघण्यापूर्वी औषधांची पिशवी

वहिनी: आम्ही चौघे पुढच्या आठवड्यात बेटावर निघत आहोत. तापासाठी आयब्युप्रोफेन आणि रात्री लावण्यासाठी डासांचे मलम घेतले आहे. आत्या, काही राहिले असल्यास कृपया सांगावे.

आत्या: राहिले काही नाही, पण एक वस्तू बदल. उष्ण कटिबंधात डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, त्यामुळे केवळ रात्री मलम लावून भागणार नाही; सकाळी आधी सनस्क्रीन लावावे आणि ते मुरल्यावर त्यावर मलम. ताप आल्यास आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन मुळीच घेऊ नये, कारण डेंग्यूमध्ये प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी, घटतात आणि या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्यांच्याऐवजी पॅरासिटामॉल ठेव. डास चावल्यावर ताप यायला साधारण 4 ते 10 दिवस लागतात, म्हणून घरी परतल्यावर ताप आला तरी डॉक्टरांना प्रवासाची माहिती द्यावी. ताप उतरला म्हणजे सुटलो, असेही समजू नये. तीव्र पोटदुखी, सततच्या उलट्या, हिरड्यांतून रक्त ही लक्षणे पुष्कळदा ताप उतरतानाच दिसतात.

काका: मला डासांपेक्षा समुद्राची काळजी अधिक वाटते. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला पट्टा शांत दिसला, की लोक मुलांना नेमके तेथेच उतरवतात. प्रत्यक्षात बहुधा तेथूनच पाणी वेगाने आत ओढले जात असते. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडून दमू नये, तर किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडावे आणि मग वळावे. ते जमत नसेल तर तरंगत राहून हात उंचावून मदत मागावी.

दादा: स्कूबा, म्हणजे पाठीला हवेची टाकी लावून पाण्याखाली बुडी मारणे, कोणत्या दिवशी ठेवले आहे?

वहिनी: शेवटच्या दिवशी सकाळी. संध्याकाळी विमान आहे.

दादा: तसे करू नका. खोल पाण्यात शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडण्यास वेळ लागतो, आणि विमानात हवेचा दाब कमी झाल्यावर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एकच बुडी असेल तर किमान 12 तास आणि अनेक असतील तर 18 तास विमानप्रवास टाळावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. पृष्ठभागावरच्या स्नॉर्केलिंगला (नळीने श्वास घेत पोहण्याला) ही अडचण नाही.

वहिनी: बरे झाले विचारले. स्कूबा आता सहलीच्या दुसऱ्या दिवशी घेतले आहे. प्रवाळाने पाय खरचटला तर?

आत्या: साबण व स्वच्छ पाण्याने लगेच धुऊन आतले बारीक कण काढावेत, ते राहिले की जखम चिघळते. पाण्यात घालायचे बूट घेतलेस, तर ही वेळ सहसा येणार नाही.