'काळी पांढरी' मधली पांढरी म्हणजे नक्की काय?

मंडळी एक शंका आहे. आजोबांच्या ट्रंकेत एक जुना वतनाचा कागद निघाला, त्यात दोनदा 'काळी पांढरी' आलंय. मी जन्मापासून परळचा, काळी म्हणजे शेतजमीन एवढं कळतं, पण पांढरी म्हणजे पडीक, खडकाळ का?

— अहो उलटं! पांढरी म्हणजे गाव बसलेली जागा, आताच्या भाषेत गावठाण. चुलीची राख, शेण, पडलेल्या मातीच्या भिंती शेकडो वर्षं एकावर एक साचत गेल्या की माती भुरकट पांढरी होते आणि टेकाड तयार होतं. माझ्या मामाकडे, घोडनदीच्या काठी, लोक हीच माती बैलगाडीने न्यायचे, शेतात खत म्हणून नाहीतर माळवदावर (घराच्या मातीच्या सपाट छतावर) टाकायला, आणि उकरताना खापरं निघायची. जवळच्याच इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 उत्खनन केलं, तीन हजार वर्षांपूर्वीची घरं, आणि घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरलेली लहान लेकरं. (वाचून दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.) तिथे पाण्याचा पाट आणि पाच खोल्यांच्या घराशेजारी धान्याचं कोठारपण सापडलंय.

— मग गायरान काळीत की पांढरीत?

— दोन्हीत नाही, ते शिवारातलं गुरांचं. रायगड-ठाण्याकडे गुरचरण म्हणतात, वऱ्हाडात चक्क ई-क्लास. पण सामाईक म्हणजे सगळ्यांचं असं समजू नका हां, गावकुसाबाहेरच्याला त्यात किती वाटा होता ते विचारा. मराठवाड्यात भूमिहीनांनी गायरानं कसायला घेतली ती काय उगाच नाही, आणि आंबेडकरी चळवळीतले नेते दादासाहेब गायकवाड यांचा 1964चा भूमिहीनांचा सत्याग्रह याच प्रश्नावर होता.

— चर्नी रोडची चरणी पण हीच का? मी रोज उतरतो तिथे.

— एक मत तसं आहे. इंग्रजांनी कॅम्प मैदानावर (आताचं आझाद मैदान) चराईचा कर लावला, मग 1838 मध्ये जमशेटजी जीजीभॉय यांनी ठाकूरद्वारजवळ जमीन घेऊन गुरं फुकट चरायला सोडली. दुसरं मत म्हणतं, ठाण्याच्या चेंदणीवरून आलं. मला पहिलं आवडतं, पण आवडणं हा काय पुरावा नाही.

— सगळ्यांचे आभार. आत्ताच गावी काकांना फोन केला. म्हणाले, आपली पांढरी? तिच्यावर पाण्याची टाकी आहे, पाया खणला तेव्हा राखच राख निघाली होती, कंत्राटदार वैतागला होता.