मदत हवी आहे: गौरीसाठी गोळ्या घेतल्या, आता पाळीच येईना

नेहमीचा आयडी दोन मैत्रिणींना माहीत आहे, म्हणून हा नवा काढलाय. डुआयडी (डुप्लिकेट आयडी) म्हणून हाकलू नका, प्लीज.

वय २५, कोल्हापूर. साखरपुडा झालाय, लग्न तुळशीच्या लग्नानंतर. काकूचा हात मोडल्यामुळे या वर्षी गौरीचं सगळं आईवर आणि माझ्यावर होतं आणि पाळीची तारीख नेमकी मधेच येत होती. आईनंच गल्लीतल्या मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या. दिवसाला तीन. डॉक्टरांना वगैरे कोणी विचारलं नाही, आमच्याकडे सगळ्या अशाच घेतात.

आजपासून मागे मोजते. १८ दिवसांपूर्वी, पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधी, गोळ्या सुरू केल्या. १५ दिवसांपूर्वी, रविवारी, होणारा नवरा आला होता आणि... काळजी घेतली नव्हती. गोळ्या चालू आहेत म्हणजे काही होणार नाही असं दोघांनाही वाटलं. शेवटची गोळी १० दिवसांपूर्वी घेतली. दोन-तीन दिवसांत येईल असं मेडिकलवाला म्हणाला होता. अजून पत्ता नाही. एरवी माझी पाळी २८-३० दिवसांनी येतेच.

शुक्रवारी टेस्ट केली. किट आणायला राजारामपुरीतून सीबीएस स्टँडपर्यंत गेले, कारण आमच्या भागातले सगळे मेडिकलवाले बाबांना ओळखतात. स्कार्फ बांधून हळू आवाजात मागितलं, तर काउंटरवरच्या पोरानं आतल्या मालकाला ओरडून विचारलं, "प्रेग्नन्सीचं किट कितीला हो?" मागं तीन माणसं उभी होती.

पहाटे पाचला बाथरूममध्ये ड्रॉपरनं तीन थेंब टाकले. सी समोर (किट चालतंय याची) लालसर रेघ आली, टी समोर (दिवस राहिल्याची) काही नाही. घरात टाकायला जागा नाही, म्हणून कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं. ऑफिसला जाऊन परत बघितलं तर टी समोर पुसट राखाडी रेघ! तेव्हापासून जेवण जात नाही. ती रेघ धरायची का? मैत्रीण म्हणते कच्ची पपई आणि तीळगूळ खा. दुसरी म्हणते मेडिकलमध्ये पाच गोळ्यांचं पाकीट मिळतं, ते घेऊन टाक आणि मोकळी हो. मला काहीच सुचत नाहीये.

*

तांबडा_पांढरा:
अगं कशाला एवढी घाबरालीस. मी पण लग्नाआधी असाच एक महिना काढलोय, रोज अंबाबाईला नवस बोलत होतो. ते पाच गोळ्यांचं खूळ पहिलं डोक्यातनं काढ. आमच्या नात्यातल्या एकीनं तसं न विचारता घेतलं आणि अर्ध्या रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. काहीतरी आत राहिलं होतं म्हणे.

मुंबईकर७१:
दादा, तुम्ही पुरुष असून इथे...?

तांबडा_पांढरा:
मी बाईच आहे ओ. कोल्हापूरची. आम्ही येतो-जातोच म्हणतो.

*

निवृत्त_स्टेथोस्कोप:
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पण तुला तपासलेलं नाही हे लक्षात ठेवून वाच.

आधी ती रेघ. किट पाच-दहा मिनिटांत वाचायचं आणि टाकून द्यायचं. नंतर ओल सुकते तशी राखाडी, रंग नसलेली रेघ उमटू शकते, ती धरत नाहीत. खरी रेघ, पुसट असली तरी, सीच्याच रंगाची असते. आणि किट पर्समध्ये ठेवू नकोस, माणूस परत परत बघत बसतं.

पण शुक्रवारच्या 'नाही'वरही विसंबू नकोस. तू पाळी किती दिवस चुकली ते मोजते आहेस. गोळ्यांनी ती तारीखच हलवली आहे, तेव्हा संबंधाच्या दिवसापासून मोज. शुक्रवारी जेमतेम १२ दिवस झाले होते. लघवीतलं एचसीजी, म्हणजे दिवस राहिल्यावर तयार होणारं संप्रेरक, दिसायला तेवढे दिवस पुरतीलच असं नाही. २१ दिवस झाल्यावरची टेस्ट भरवशाची, म्हणजे येत्या रविवारी, सकाळच्या पहिल्या लघवीची. तोवर थांबवत नसेल तर रक्तातली बीटा एचसीजी कर, ती आधी सांगते.

आता तुझ्या बाजूनं असलेली गोष्ट. तू तीन दिवस आधी गोळ्या सुरू केल्या होत्यास, म्हणजे तो रविवार हीच पाळीची तारीख होती. बीज साधारण पाळीच्या १४ दिवस आधी सुटतं आणि एक-दीड दिवसापेक्षा जास्त टिकत नाही. नियमित पाळी असलेल्या मुलीला त्या दिवशी दिवस राहण्याची शक्यता कमी. शून्य म्हणत नाही, कारण एखाद्या महिन्यात बीज उशिरा सुटतं. ताप, जागरणं, वजनातला फरक, थायरॉईड, पीसीओएससारखा बीजकोशाचा त्रास, कशानंही. आणि या गोळ्या गर्भनिरोधक नाहीत. त्यांनी गर्भपिशवीचं अस्तर धरून ठेवलं जातं, एवढंच. बंद केल्यावर बहुतेकींना दोन-तीन दिवसांत पाळी येते, काहींना आठवडा लागतो. तुझे दहा झाले, त्यामुळे डॉक्टरांना दाखवायची वेळ झालीच आहे.

तीळ-पपईनं काही होत नाही. संबंधानंतरची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते, ती वेळ गेली. पाच गोळ्यांचं पाकीट म्हणजे गर्भपाताचं औषध. दिवस राहिलेत की नाही हेच माहीत नसताना ते घेणं वेडेपणा. राहिले असले तरी गर्भ पिशवीत आहे की नळीत, हे आधी बघावं लागतं. नळीत असेल तर त्या गोळ्या उपयोगाच्या नाहीत आणि जीवावर बेतू शकतं. ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर, खांदा दुखणं यातलं काही झालं तर रविवारची वाट बघायची नाही, रात्री असलीस तरी निघायचं.

धागाकर्ती:
डॉक्टर, खूप आभार. पण डॉक्टरकडे एकटी कशी जाऊ? आईची सही मागतील ना? आणि 'मिसेस का?' विचारलं तर?

निवृत्त_स्टेथोस्कोप:
विचारतील, कारण शेवटची पाळी आणि संबंध यांची माहिती लागतेच. मॅडमना सरळ सांग. तपासणीला आईची सही लागत नाही. पुढचंही सांगून ठेवतो, गरज पडणार नाही असं धरून. गर्भपाताला १८ पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरते, आई-वडील, नवरा कोणाची लागत नाही. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात २०२१ ला दुरुस्ती झाली, तेव्हा 'विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा' या शब्दांऐवजी 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' आलं. त्याच कायद्यानं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

वडाची_पारंबी:
खासगीत जायला नको वाटत असेल तर दसरा चौकाजवळ सीपीआर हा सरकारी दवाखाना आहेच. गर्दी इतकी असते की तुला कोण ओळखणार? (माझी चुलत सासू मात्र तिथंच भेटली होती मला, तो भाग सोड.)

तांबडा_पांढरा:
आणि त्या होणाऱ्या नवऱ्याला सांगितलीस का? का सगळं एकटीच झेलालीस? रविवारी त्यालाच पाठव की किट आणायला. स्कार्फ बांधून.

धागाकर्ती:
सांगितलं नव्हतं. आत्ता फोन केला. पहिली दोन मिनिटं गप्पच होता. मग म्हणाला, रविवारी येतो.

*

धागाकर्ती (अपडेट):
उशीर झाला सांगायला, सॉरी. रविवारी सकाळी आई काकड आरतीला गेल्यावर टेस्ट केली. किट त्यानं आदल्या रात्रीच इचलकरंजीहून आणून दिलं होतं. मोबाईलवर पाच मिनिटांचा टायमर लावला. एकच रेघ. लगेच कचऱ्याच्या गाडीत टाकून आले, परत बघितलं नाही.

सोमवारी दोघं डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, सोनोग्राफी केली, थायरॉईड तपासायला दिलं. नंतर ओरडल्या ते न विचारता गोळ्या घेतल्याबद्दल. अर्धशिशी आहे का, घरात कोणाला रक्ताच्या गुठळीचा त्रास आहे का, हे आधी विचारावं लागतं म्हणाल्या. मला अर्धशिशी आहे.

पाळी बुधवारी आली. ऑफिसला जाताना केएमटीच्या बसमध्ये, उभी होते तेव्हा. एरवी वैताग आला असता.

संध्याकाळी आईनं विचारलं, या वेळी एवढी उशिरा कशी गं? म्हटलं, गोळ्यांमुळं. ते खोटंही नाही.